मु. पो. नव्वदी, ता. पेन्शन

माणसं आपलं आयुष्य वाढदिवसांनी मोजतात. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस ते वेतन आयोगांनी मोजतो. असा एखादा गृहस्थ बारामतीच्या कसब्यात, आमराईत, भिगवण रस्त्यावरच्या सोसायटीत किंवा इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकी, बावडा, लासुर्णे अशा कुठल्याही गावात हमखास भेटतो. कुणी त्याला तात्या म्हणतं, कुणी आप्पा. जुनी माणसं नुसतंच 'पोस्टमन' म्हणतात. आपण अण्णा म्हणू. हे अण्णा एक नव्हेत, चार-पाच पेन्शनरांची बेरीज आहे. हिशेबाला सोपं जावं म्हणून जन्म १९३८ चा, नोकरी १९५८ पासून आणि निवृत्ती १९९६ ची धरू.

अण्णांना विचारा, "लग्न कधी झालं?" उत्तर येतं, "दुसऱ्या आयोगानंतर." थोरला मुलगा? "तिसऱ्याच्या आधी. म्हणून बारशाला पेढ्याऐवजी साखर वाटली." थोरलीचं लग्न चौथ्याच्या थकबाकीत उरकलं. घरावरचा पत्रा जाऊन स्लॅब पडला तो पाचव्याच्या फरकातून. सहाव्यात गुडघा बदलला, सातव्यात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. आठवा आयोग नेमला गेला आणि न्यायमूर्ती रंजना देसाई त्याच्या अध्यक्ष झाल्या, ही बातमी घरात सर्वांत आधी अण्णांनी वाचली आणि मोठ्यानं वाचली. नातवानं त्याच दिवशी बुलेटच्या शोरूमला फोन करून किंमत विचारली.

अण्णांच्या जन्मतारखेत एक जुनं दुखणं आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी रिवाजाप्रमाणे १ जून लावली. त्या पिढीतला निम्मा तालुका १ जूनला जन्मलेला आहे, त्यामुळे तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते निवृत्तीच्या वेळी. सरकारी नियम असा, की वय ज्या महिन्यात भरतं त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी माणूस घरी जातो; पण जन्म एक तारखेचा असेल तर त्याआधीच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे अण्णा ३१ मे १९९६ ला संध्याकाळी बाहेर. मास्तरांनी एका दिवसाचा हात सैल सोडून २ जून लिहिलं असतं, तर जूनचा अख्खा पगार पदरात पडला असता. मास्तर केव्हाच देवाघरी गेले, तरी दर ३१ मेला अण्णा त्यांची आठवण काढतात आणि ती ऐकवत नाही.

दुसरं दुखणं याहून मोठं. अण्णा अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसले आणि दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, सरकारनं निवृत्तीचं वय साठ केलं. "दोन सालं मागनं जन्माला आलो असतो तर..." असं ते म्हणतात, तेव्हा रोख मास्तरांवर आहे की थेट वडिलांवर, हे कळत नाही.

हा सगळा तोटा अण्णा जगून वसूल करतायत. सहाव्या आयोगापासून नियम आहे: वयाची ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभर पूर्ण केली तर १०० टक्के, म्हणजे मूळ पेन्शन दुप्पट. हा तक्ता अण्णांनी हातानं आखून पलंगाशेजारी भिंतीला खळीनं चिकटवलाय. ऐंशी आणि पंच्याऐंशीच्या समोर लाल शाईची बरोबरची खूण आहे. नव्वदीसमोर पेन्सिलनं '१ जून २०२८' लिहिलंय. शंभरीसमोर काहीच लिहिलेलं नाही, पण बोट फिरवून फिरवून तिथला कागद मळकट झालाय.

साहजिकच अण्णांची तब्येत हा घरातला आर्थिक विषय आहे. जेवताना त्यांनी लोणच्याच्या बरणीकडे हात नेला की सूनबाई बरणी उचलतात.

"अण्णा, नको. बीपी वाढतं."

"सूनबाई, तुम्ही मला जपताय का माझ्या पेन्शनीला?"

"दोन्ही एकच आहे, अण्णा. वरण घ्या."

निवृत्त होताना अण्णांनी पेन्शनचा काही भाग सरकारला विकून एकरकमी पैसे घेतले होते. सगळेच घेतात. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. अण्णांच्या मते ही सरळसरळ पैज असते: पंधरा वर्षं हा बाबा टिकत नाही, असं सरकार म्हणतं आणि टिकून दाखवतो, असं बाबा म्हणतो. २०११ मध्ये अण्णांनी ती जिंकली. आता त्यांनी स्वतःच दुसरी लावली आहे. नोकरी झाली अडतीस वर्षं. पेन्शन त्याहून एक महिना तरी जास्त खायची. "म्हंजे २०३४ च्या मेला फिटंफाट. जूनपासनं निव्वळ नफा."

या नफ्याच्या आड दरवर्षी एकच गोष्ट येते, ती म्हणजे हयातीचा दाखला. इतर पेन्शनरांचा तो नोव्हेंबरात असतो. ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. अण्णा १ ऑक्टोबरला सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसतात. पूर्वी साहेबासमोर जाऊन उभं राहावं लागे. जिवंत माणूस समोर दिसत असताना साहेब म्हणे, "जिवंत असल्याचा पुरावा आणलाय का?" २०१४ पासून हे काम डिजिटल झालं आणि आता तर खुद्द पोस्टमनच सत्तर रुपये घेऊन घरी येऊन दाखला काढून देतो. पोस्टमन जिवंत आहे की नाही हे बघायला पोस्टमन येतो, यात अण्णांना काही विशेष वाटत नाही. "दुसऱ्या कुणाला कळणार?" असं ते म्हणतात.

यंदा आलेला पोरगा नवा होता. स्कूटर, पाठीला सॅक, हातात मोबाइल आणि त्याला वायरनं जोडलेली अंगठ्याची डबी.

"बाबा, अंगठा ठेवा."

अण्णांनी ठेवला. डबीनं नकार दिला. पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, डावा ठेवला. पोरगा कंटाळून म्हणाला, "बाबा, तुमचा अंगठाच येत नाय."

"यील कसा? पोस्टानं ठिवलाय कुठं? शिक्क्याच्या दांड्यानं निम्मा गेला, लाखेनं उरलेला पोळला. जन्मभर दुनियेचे अंगठे मी घेतले मनिऑर्डरीवर. आता माझा द्यायची पाळी आली तर शिल्लकच न्हाई."

"मग चेहऱ्यानं करू. इकडं कॅमेऱ्यात बघा आणि डोळे मिचकावा."

"काय करू?"

"डोळे मिचकावा. म्हंजे मशीनला कळतं, माणूस जिवंत हाय."

अण्णा उभे राहिले. "अडतीस वर्षं बिट केली पोरा. दारोदार बायाबापड्या उभ्या असायच्या. एकीला जरी डोळा मारला असं कुणी सांगितलं, तर पेन्शन सरकारजमा करतो."

आतून माईंचा आवाज आला, "अहो, मिचकवा एकदाचे! सणाच्या तोंडावर पेन्शन थांबवताय का?"

अण्णांनी मिचकावले. मोबाइलनं ते जिवंत असल्याचं मान्य केलं. अण्णांनी सत्तर रुपये मोजून दिले, पावती मागून घेतली आणि मग पोराची तपासणी सुरू केली. टपाल सॅकमध्ये उभं-आडवं का कोंबलंय? निघण्याआधी बिटाच्या ओळीनं लावून घ्यायचं, पत्ता वर ठेवायचा, म्हणजे लोकांच्या दारात उभं राहून धुंडाळावं लागत नाही. जाताजाता म्हणाले, "आणि त्या पिवळ्या बंगल्यातलं कुत्रं डाव्या अंगानं येतं, जपून."

"तुम्हाला काय माहीत, बाबा? तुम्ही तर कवाच रिटायर झाला."

"त्याची पणजी माझ्या मागं लागायची."

अण्णांची नोकरी सुरू झाली ती खेड्यातल्या ब्रँच पोस्टात, 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' म्हणून. खात्याच्या बोलीत ईडी. हल्ली एखाद्या लग्नाच्या मांडवात अण्णा सहज म्हणतात, "मी आधी ईडीत होतो," आणि शेजारचा पुढारी पाणी मागतो. अण्णांची ईडी गरीब होती. दिवसाचे काही तास काम, पगार नव्हे तर भत्ता आणि पोटापाण्याला दुसरं साधन असलं पाहिजे अशी अट. म्हणून खेड्यातलं पोस्ट शाळामास्तरांच्या नाहीतर किराणा दुकानदाराच्या घरात असे. गूळ आणि तिकिटं एकाच फळीवर. आज त्याच माणसाला ग्रामीण डाक सेवक म्हणतात. अण्णा तिथून परीक्षा देऊन खात्यात आले, खाकी चढवली आणि निम्मी नोकरी इंदापूर तालुक्यात, निम्मी बारामतीत केली.

त्यांची बिट नीरा डाव्या कालव्याच्या काठानं होती. हा कालवा इंग्रजांच्या काळातला, एकोणिसाव्या शतकातला. त्यानंच बारामती-इंदापूरचे दोन भाग केले. पाटाच्या खाली बागायत, पाटाच्या वर जिरायत. भूगोलाच्या पुस्तकात हे नकाशा काढून सांगतात. अण्णांना ते पिशवीवरून कळायचं. पाटाच्या खालच्या वस्त्यांवर माळेगावच्या, भवानीनगरच्या कारखान्याची पत्रं: वार्षिक सभेची नोटीस, उसाच्या बिलाचा कागद, सोसायटीची मागणी. पाटाच्या वरच्या गावांना मनिऑर्डरी: पोरगा मुंबईला गिरणीत, नाहीतर पलटणीत. खालच्या अंगाला चहा साखरेचा मिळायचा आणि पोस्टमनकडं कुणी वर मान करून बघायचं नाही. वरच्या अंगाला चहा गुळाचा, पण सायकल दिसली की सगळी वस्ती बांधावर येऊन उभी राहायची. दिवाळीचं पोस्तही पाटाच्या वरूनच जास्त मिळायचं, असं अण्णा सांगतात आणि श्रीमंतीबद्दलचं त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढ्यात संपतं.

पत्ते कसे असत, हे आजच्या लोकेशन पाठवणाऱ्या पिढीला सांगून पटायचं नाही. 'फाट्याच्या पुढं, मोडक्या मोटंच्या विहिरीपाशी, ढवळ्या बैलवाल्याच्या शेजारी.' बैल मेला तरी पत्ता तोच राहायचा. उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि पळसदेवसारखी भीमाकाठची गावं पाण्यात गेली, नवी वर वसली. गाव हललं, पण मुंबईच्या नातेवाइकांना ते कोण सांगणार? ते आपले जुन्याच आळीच्या, जुन्याच देवळाच्या शेजारी पत्र धाडत राहिले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ आजही उघडं पडतं. लोक तिथं फोटो काढायला जातात. अण्णांना एकदा नातू घेऊन गेला, तर अण्णा देवळाला पाठ करून उभे राहिले आणि चिखलाकडं काठी दाखवून म्हणाले, "हितं रजिस्टर द्यायचं. तिथनं डावीकडं व्हीपी."

अण्णांचा खरा देव पिन कोड. तो आला १५ ऑगस्ट १९७२ ला, ऐन दुष्काळात. माणसं खडी फोडायला जात होती, सुकडी खात होती आणि दिल्लीनं पाऊस पाठवायचा सोडून सहा आकडे पाठवले, म्हणून तेव्हा पोस्टातच थट्टा झाली. अण्णांनी मात्र ते त्याच आठवड्यात पाठ केले. कारण चुकलेल्या टपालाचा ताप त्यांनी सोसला होता. इथल्या माळेगावचं पत्र नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावला जायचं, कारण इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग सारखंच. तिथून शिक्के खात परत यायचं, तोवर लग्न लागून पोरगी पहिल्या माहेरपणाला आलेली असायची. इंदापूर रायगड जिल्ह्यातही आहे. वडगाव तर इतकी, की मोजणाराच रिटायर व्हावा.

पिन बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते आणि संस्कृतात काव्य लिहायचे, हे अण्णा अभिमानानं सांगतात. "संस्कृतवाला माणूस. म्हणून तर समदं व्याकरणात बसवलंय." पहिला आकडा विभागाचा, म्हणून आपला ४. पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन बटवडा करणाऱ्या पोस्टाचे. बारामती ४१३१०२, इंदापूर ४१३१०६, वालचंदनगर ४१३११४, भिगवण ४१३१३०. आता यात गंमत अशी, की ४१३ हे घराणं सोलापूरचं; खुद्द सोलापूर ४१३००१. म्हणजे कलेक्टर पुण्याचा, कोर्ट पुण्याचं, गाड्यांचा रोख पुण्याकडं आणि पिन सोलापूरचा. त्यातही याच बारामती तालुक्यातलं मोरगाव ४१२३०४. तिथला मयूरेश्वर पुण्याच्या बाजूला गेला आणि आम्ही सोलापूरच्या. बारामतीचं नाव देशभर राजकारणानं गाजवलं असेल. पण एवढ्या वजनदार गावालाही पिन मात्र पुण्याकडं ओढता आला नाही, हे सांगताना अण्णांना गुदगुल्या होतात.

निवृत्त झाला तरी पोस्टाचा माणूस हातातून जात नाही. मंडईत अण्णा मेथीची जुडी तळव्यावर तोलतात आणि भाजीवालीला सांगतात, "कालच्यापेक्षा कमी हाय." पाकिटाचं वीस ग्रॅमचं माप त्यांच्या तळव्यात कायमचं बसलंय. लग्नपत्रिका आली की आत कोणाचं लग्न आहे हे नंतर. आधी पत्ता, मग पिन, मग तिकीट, मग शिक्का. शिक्क्यातली तारीख वाचता आली नाही तर "आजकाल मारत्यात कुठं? नुसतं टेकवत्यात," असा शेरा. शेजारी कडबोळ्यांची वाटी पाठवली तर ती घेऊन जाणाऱ्या नातीला बजावतात, "पोच घेऊन ये." वाटी परत येणं म्हणजे पोच नव्हे, "मिळाली, छान झालीत" हा शब्द आला पाहिजे.

म्हणूनच १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा अण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत. सून म्हणाली, "अहो अण्णा, बंद नाही झालं, एकत्र झालंय." अण्णा सहकाराच्या मुलखात वाढलेले. ते म्हणाले, "आमच्याकडं पतसंस्था बी आधी एकत्रच होत्यात." स्पीड पोस्टाला ते अजून नवं पोर समजतात. ते १९८६ ला सुरू झालं, म्हणजे चौथ्या आयोगाचं. तार गेली तेव्हा मात्र त्यांना फारसं वाईट वाटलं नव्हतं. जुलै २०१३ मध्ये शेवटची तार झाली आणि पेपरवाल्यांनी गळे काढले, अण्णा म्हणाले, "गेली ते बरं झालं." तार घेऊन वस्तीवर शिरलं की ती फोडायच्या आधीच बायका रडायला लागत. एकदा तारेत मुलगा पास झाल्याचं होतं, तरी आजीला सावरायला दुपार गेली.

तालुक्यात काय चाललंय हे अण्णांना पेपर वाचून कधी कळलं नाही, पिशवीच्या वजनावरून कळलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पाटाच्या वरच्या गावांच्या मनिऑर्डरी आटत गेल्या. मग उलटी रीत दिसली: म्हातारी माणसंच गावाकडून पोराला पैसे पाठवायचे का विचारायला लागली. बारामतीत कॉलेजं वाढली, एमआयडीसी आली, तशी मुलाखतीची पत्रं वाढली आणि अण्णा पोरांच्या तोंडाकडं बघून पाकीट द्यायला शिकले: जाड असेल तर हसत, पातळ असेल तर गडबडीत. पुढं चौकाचौकात एसटीडीचे बूथ झाले आणि खुशालीची कार्डं गेली. शेवटच्या वर्षांत पिशवीत राहिलं काय? बँकेच्या नोटिसा, कोर्टाचं समन्स आणि विम्याचे हप्ते. "मान्सानं मान्साला ल्हेलेलं काय बी नव्हतं त्यात. बरं झालं, वेळेत सुटलो," असं अण्णा म्हणतात. निवृत्तीच्या तारखेबद्दल समाधानाचा शब्द त्यांच्या तोंडून निघतो तो एवढाच.

एवढं वाचून अण्णा बोलके आहेत, हे तुम्ही ओळखलंच असेल. बोलके म्हणजे काय, ओट्यावर बसले की महागाई भत्त्याच्या पहिल्या टक्क्यापासून सुरू होतात आणि ऐकणाऱ्याचा चहा, जेवण आणि शेवटची एसटी हुकवतात. पण या बोलण्यात एक भोक आहे. अडतीस वर्षं दोन तालुक्यांची पत्रं या माणसाच्या हातून गेली. कार्ड तर उघडंच; वाचायचं नाही म्हटलं तरी डोळे वाचतात. निम्म्या घरांत वाचून दाखवायला आणि उत्तर लिहायला तेच. कुणाची सोयरीक कशावरून मोडली, कुठल्या बागायतदाराचं बँकेत काय अडलं, कोण दर महिन्याला पुण्याच्या कुठल्या पेठेत कुणाला मनिऑर्डर करत होता, आज मिशीला पीळ देणाऱ्या कोणी तरुणपणी उंची वाढवायचं औषध व्हीपीनं मागवलं होतं, हे सगळं अण्णांना ठाऊक आहे. आणि मुलूख असा, की इथं एका घरात कालवण करपलं तर पारावर वास आधी पोचतो. या मुलखात अण्णांनी यातलं एक अक्षर कधी कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही पुष्कळ प्रयत्न केले. चहा पाजला, भजी खिलवली. शेवटी कायद्याचा मुद्दा काढला. म्हटलं, "अण्णा, तुमचा १८९८ चा पोस्टाचा कायदा गेला. १८ जून २०२४ पासून नवा लागू झाला. आता जुन्या गोष्टी सांगायला काय हरकत?"

अण्णा म्हणाले, "कायदा गेला. मान्सं हायेत की अजून."

"जी गेली त्यांचं तरी सांगा."

"त्यांची पोरं हायेत," म्हणाले आणि जुलैच्या महागाई भत्त्यावर गेले.

त्यांच्याविषयी एकच गोष्ट आम्हाला बाहेरून कळली. पाटाच्या वरच्या एका गावात एक म्हातारी होती. मुलगा मुंबईला गिरणीत. मनिऑर्डरीच्या फॉर्मला खाली चार ओळी लिहायला एक चिठोरी असे. मुलगा पैसे पाठवायचा, चिठोरी मात्र कोरी सोडायचा. अण्णा नोटा मोजून द्यायचे, अंगठा घ्यायचे आणि चिठोरी डोळ्यांसमोर धरून वाचायचे: "आईस शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडं खुशाल आहे. तुझा खोकला कसा आहे? आखाडीला रजा मिळाली तर येतो." दर महिन्याला थोडं वेगळं. कधी खोकला, कधी गाय, कधी गळक्या छपराची चौकशी. ही हकीकत सांगताना म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, "मला वाचाया येत नव्हतं बाबा, पन कागुद कोरा हाय येवढं दिसत हुतं की. मी कशाला बोलू? पोस्टमन लई चांगलं वाचायचा."

हे आम्ही अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मनिऑर्डरीचं कमिशन तवा किती होतं, म्हाईत हाय का?" आणि पुढचा पाऊण तास ते सांगितलं.

तेव्हा आमचं मत असं, की हा माणूस २०३४ ची पैज जिंकायला हवा आणि पुढं शंभरीही गाठायला हवा. सरकारला मूळ पेन्शन दुप्पट द्यावी लागेल, पण दोन तालुक्यांच्या अब्रूची राखण म्हणून ती स्वस्तच पडते. तुमच्या गल्लीतही असे कुणी अण्णा असतील. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला झाला का, एवढं जरूर विचारा. महागाई भत्ता किती झाला हे विचारायचं असेल, तर जेवून जा. आणि घरात लग्न निघालंच, तर पाकिटावर पिन कोड लिहायला विसरू नका. पत्रिका पोचेल तशीही, पण अण्णा जेवायला येणार नाहीत.